संदर्भाची नोंद : चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

जुन्या मराठी कागदपत्रांत महजर म्हणून जो एक प्रकार आहे, तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस त्याचा शेवट आठवत असेल. वतनाचा तंटा गोतसभेपुढें येई, दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेतलें जाई, निवाडा लिहिला जाई. आणि मग साक्षीदारांचीं नांवें एकापाठोपाठ एक येत. ज्यांस अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करीत. पाटलाच्या नांवापुढें नांगर उमटे, बलुतेदाराच्या नांवापुढें त्याचें हत्यार. निवाड्याची भाषा कितीही भारदस्त असली, तरी साक्ष नसेल तर त्या कागदास किंमत नसे. विद्वानांच्या ग्रंथांत पानाच्या तळाशीं किंवा प्रकरणाच्या अखेरीस ज्या टीपा असतात, त्यांचें कामही हेंच आहे. ग्रंथकार वर कांहीं विधान करतो आणि खालीं आपले साक्षीदार उभे करतो : अमुक ग्रंथ, अमुक आवृत्ति, अमुक पान. ज्या वाचकास शंका येईल त्यानें त्या साक्षीदारास गांठून विचारावें, असें हें मोकळें आमंत्रण असतें.

आज विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ही साक्ष बहुधा हातानें लिहीत नाहीं. झोटेरो, एंडनोट, मेंडले अशा नांवांचीं संगणकीय साधनें त्याच्या दिमतीस आहेत. एक बटण दाबतांच ग्रंथाचें नांव, कर्ता, वर्ष आणि प्रकाशक हा सर्व तपशील संगणकाच्या संग्रहांत जाऊन बसतो; लेख लिहितांना दुसरें बटण दाबलें कीं टीप तयार होते आणि अखेरची ग्रंथसूची आपोआप जुळते. या सोयीमागें सुमारें पांचशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. हेतु केवळ मनोरंजनाचा नव्हे. साक्ष नोंदविण्याचे श्रम जसजसे कमी होत गेले, तसतसा साक्षीदारास प्रत्यक्ष भेटलें नाहीं तरी चालतें असा समज बळावत गेला. आणि तो समज किती घातक आहे, हें त्या इतिहासावरूनच कळून येतें.

आधार देण्याची चाल आपणांकडे फार जुनी आहे. धर्मशास्त्रावरील निबंधकार मनूचें किंवा याज्ञवल्क्याचें वचन त्याच्या नांवानिशीं देत. परंतु तें वचन कोणत्या पानावर आहे हें सांगण्याचें त्यांस कारण नव्हतें आणि सोयही नव्हती. हस्तलिखित पोथीचें पान एका लेखकाच्या हातीं एक होतें, तर दुसऱ्याच्या हातीं दुसरें. दोन पोथ्यांची पानें जुळत नाहींत. छापखान्यानें प्रथमच असें झालें कीं, एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत अमुक मजकूर अमुकच पानावर सांपडावा. पानाचा आंकडा देऊन साक्ष काढणें हें अशा रीतीनें मुद्रणाचें अपत्य आहे. फ्रेंच विद्वान् पिएर बेल यानें १६९७ सालीं आपला कोश प्रसिद्ध केला, त्यांत मूळ मजकुरापेक्षां टीपांचाच विस्तार अधिक आहे. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला तेव्हां त्याच्या टीपा ग्रंथाच्या अखेरीस होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यास त्या पुन्हा पुन्हा शोधण्याचा त्रास झाला, आणि त्याच्या सूचनेनंतर त्या पानाच्या तळाशीं आल्या. पुढें १८२४ सालीं जर्मनींत रांके यानें आपल्या पहिल्या इतिहासग्रंथाबरोबर त्यांतील साधनांची चिकित्सा करणारा स्वतंत्र ग्रंथच जोडला. साधनांची परीक्षा हा इतिहासलेखनाचा पाया आहे, ही गोष्ट तेथून पुढें सर्वमान्य होत गेली.

आतां टीप छापण्याची सोय झाली तरी टिपणें सांभाळावयाचीं कशीं, हा प्रश्न उरतोच. वहींत लिहिलेलें टिपण जेथें लिहिलें तेथेंच राहतें; नवें टिपण मध्यें घालतां येत नाहीं. या अडचणीवर झुरिक येथील कॉन्राड गेस्नर यानें जो उपाय काढला, त्याचाच वंश आजचीं संगणकीय साधनें चालवीत आहेत. गेस्नरनें १५४५ सालीं लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांतील ग्रंथांची एक विराट् सूची प्रसिद्ध केली. तींत सुमारें तीन हजार ग्रंथकारांचा समावेश आहे. तीन वर्षांनीं त्यानें याच कामाच्या विषयवार भागांत आपली रीत सांगून ठेवली. चांगल्या कागदाच्या एकाच बाजूस प्रत्येक गोष्ट निराळ्या ओळीवर लिहावी. मग कात्रीनें त्या ओळी कापून सुट्या कराव्या. त्या विषयवार लावाव्या, हव्या तशा फिरवाव्या आणि क्रम मनाजोगता बसला म्हणजे चिकटवाव्या. रीत अगदीं साधी, परंतु तिनें मोठी क्रांति केली. टिपण वहीच्या बंधनांतून सुटलें आणि हलतें झालें.

गेस्नरनंतर या सुट्या चिठ्ठ्यांस घर मिळालें. सतराव्या शतकांत इंग्लंडांत टॉमस हॅरिसन यानें एक कपाट कल्पिलें, आणि हँबर्गच्या व्हिन्सेंट प्लाक्सिउस यानें १६८९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें चित्रासह वर्णन छापलें. त्या कपाटांत विषयवार आंकडे असत आणि ज्या त्या विषयाच्या चिठ्ठ्या ज्या त्या आंकड्यास टोंचून ठेवीत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस आपल्या उत्तरायुष्यांत सारख्या मापाच्या सुट्या कागदांवर नोंदी करूं लागला होता. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनंतर मठांचे आणि सरदारांचे ग्रंथसंग्रह सरकारजमा झाले, तेव्हां १७९१ सालीं त्यांची मोजदाद पत्त्यांच्या पाठीवर करण्याचा हुकूम निघाला. त्या काळच्या पत्त्यांची पाठ कोरी असे, पत्ते जाड असत आणि गांवोगांव सहज मिळत. जुगाराच्या फडांतील राजा-राणी अशा रीतीनें विद्येच्या कामास लागल्या! पुढें एकोणिसाव्या शतकांत ग्रंथालयांतून ठराविक मापाच्या कार्डांचे खण सर्वत्र दिसूं लागले.

या चिठ्ठीचा महिमा पाहण्यास यूरोपांत जाण्याची मात्र गरज नाहीं. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम आरंभिलें तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या मागून आलेले संपादक यांनीं एकूण १२५९ पोथ्यांचा उपयोग केला. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा निरनिराळ्या लिपींतील निवडक पोथ्यांस त्यांनीं अक्षरांच्या आणि अंकांच्या खुणा दिल्या, आणि कोणता पाठ कोणत्या पोथींत आहे हें श्लोकाश्लोकाखालीं नोंदविलें. डेक्कन कॉलेजांत डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं १९४८ सालीं ऐतिहासिक पद्धतीच्या संस्कृत कोशाची योजना हातीं घेतली. त्यासाठीं सुमारें पंधराशें ग्रंथांतून शब्द वेंचून सुमारें एक कोटि चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या आजही तेथील कपाटांतून आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आहे आणि तो कोठें आला त्याचा पत्ता आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळांत पांच खंडांत निघाला. त्याचीं पृष्ठें साडेसहा हजारांवर भरतात, आणि त्यांतील तळटीपा म्हणजे एक स्वतंत्र ग्रंथालयच आहे. शंकर गणेश दाते यांनीं तर १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची सूची करून ती १९४३ सालीं प्रसिद्ध केली आणि तिचा १९५० पर्यंतचा पुढील भाग १९६१ सालीं दिला. या मंडळींच्या हाताशीं संगणक नव्हता. यांत भूषण केवळ श्रमांचें नाहीं. या पद्धतींत चिठ्ठी लिहावयाची म्हणजे ग्रंथ उघडावाच लागे, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. श्रम आणि पडताळा हे तेव्हां एकाच कामाचे दोन भाग होते.

चिठ्ठ्यांचा हा व्याप जगभर नेण्याचें स्वप्न बेल्जममधील दोघां गृहस्थांनीं पाहिलें. पॉल ऑटले आणि आन्री ला फोंतेन (यांपैकीं दुसऱ्यास १९१३ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें) यांनीं १८९५ सालीं ब्रसेल्स येथें जगांतील सर्व ग्रंथांची आणि लेखांची कार्डसूची आरंभिली. कार्डांची संख्या वाढत वाढत एक कोटीच्याही पलीकडे गेली. कोणीही पत्रानें प्रश्न विचारावा, ठराविक फी द्यावी आणि त्या विषयावरील कार्डांच्या नकला मागवाव्या, अशी तेथें व्यवस्था होती. परंतु १९३४ सालीं सरकारनें संस्थेच्या जागेस टाळें लाविलें, आणि १९४० सालीं जर्मन लष्कराच्या अमलांत संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. जें उरलें तें आज मोंस या गांवच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

ऑटलेच्या कार्डावरून ग्रंथाचा पत्ता कळे. त्या ग्रंथाची साक्ष पुढें कोणी काढली हें कळत नसे. तें सांगण्याची युक्ति वकिलांच्या धंद्यांतून आली. अमेरिकेंत १८७३ पासून शेपर्ड नांवाच्या गृहस्थाच्या याद्या निघत. अमुक निकालाचा आधार पुढें कोणत्या निकालांत घेतला गेला, तो कायम राहिला कीं फिरला, हें त्या याद्यांवरून वकिलास समजे. यूजीन गार्फील्ड यानें हीच कल्पना शास्त्रीय लेखांस लावण्याचें १९५५ सालीं सुचविलें आणि १९६४ सालीं आपली उद्धरण-सूची प्रसिद्ध केली. टीप आजवर मागें पाहत होती. ती आतां पुढेंही पाहूं लागली. याचा एक परिणाम बरा झाला आणि एक वाईट. शोध करणें सोपें झालें, हा बरा परिणाम. वाईट तो असा कीं, कोणाच्या लेखाची साक्ष किती वेळां निघाली हें मोजतां येऊं लागल्यामुळें ती संख्याच विद्वत्तेचें माप होऊन बसली. साक्षीदार सत्यासाठीं बोलावला कीं गर्दी दाखविण्यासाठीं, हा प्रश्न तेव्हांपासून उभा आहे.

घरगुती संगणक आल्यावर चिठ्ठ्यांचें कपाट विद्वानाच्या मेजावर येऊन बसलें. १९७० च्या दशकांत बेल प्रयोगशाळेंत माइक लेस्क यांनीं संदर्भ आपोआप जुळविणारी एक आज्ञावली लिहिली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धांत अर्नेस्ट बॉयटलर या रक्तरोगतज्ज्ञानें आपल्या मुलाच्या साह्यानें रेफरन्स मॅनेजर हें साधन केलें. त्यांच्या कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें धारण करणारा आर. आय. एस. हा नोंदीचा सांचा आजही बहुतेक सर्व साधनांस समजतो. गणिती आणि शास्त्रीय लेखनासाठीं १९८५ सालीं ओरेन पटाश्निक यांनीं बिब्‌टेक् रचलें, आणि त्या दशकाच्या अखेरीस एंडनोट आलें. २००६ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवीं माध्यमें या विषयांवरील केंद्रांतून झोटेरो हें मोफत साधन बाहेर पडलें. त्याच्यामागें डॅन कोहेन आणि रॉय रोझेन्झ्वाइग हे इतिहासकार होते, ही गोष्ट आम्हां इतिहासप्रेमींस विशेष आनंदाची वाटते. आपल्या टिपणांची काळजी इतिहासकारास जितकी, तितकी दुसऱ्या कोणास असणार!

या साधनांत संदर्भ घालण्याच्या मुख्य रीती चार आहेत. पहिली बटणाची : इंटरनेटवरील ग्रंथालयाच्या किंवा नियतकालिकाच्या पानांत वाचकास न दिसणारी पण संगणकास कळणारी माहिती भरलेली असते, बटण दाबतांच ती उचलली जाते. दुसरी क्रमांकाची : पुस्तकावरचा आय. एस. बी. एन. किंवा लेखाचा डी. ओ. आय. हा कायमचा क्रमांक टाकला कीं उरलेला तपशील दूरच्या संग्रहांतून येतो. यांपैकीं पहिला १९७० सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. दुसऱ्याच्या नोंदी ठेवण्यासाठीं प्रकाशकांनीं २००० सालीं क्रॉसरेफ ही संस्था उभारली आणि आज तिच्याकडील नोंदी १५ कोटींच्या वर आहेत. तिसरी रीत म्हणजे तयार नोंदींची फाईल आंत घेणें किंवा लेखाची पी. डी. एफ. प्रत साधनाच्या स्वाधीन करणें; साधन तिच्यांतील क्रमांक ओळखून तपशील मिळवितें. चौथी आणि सर्वांत जुनी रीत हातानें भरण्याची : कर्ता, शीर्षक, वर्ष, स्थळ, प्रकाशक असे रकाने पुढें येतात आणि ते एकेक करून भरावयाचे असतात. एकदां नोंद झाली म्हणजे ती हव्या त्या शैलींत उमटवितां येते. एका मासिकास वर्ष कर्त्याच्या नांवालगत हवें असतें, दुसऱ्यास अखेरीस. पूर्वी यासाठीं सारी सूची पुन्हा लिहावी लागे, आतां क्षणांत पालटते. स्वल्पविराम आणि कंस यांच्या कटकटींतून विद्वानाची सुटका झाली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिची थट्टा करणाऱ्यांनीं दोनशें टीपांची सूची एकदां हातानें फिरवून पाहावी.

परंतु रकान्यांत पडलेला मजकूर खरा कीं खोटा, हें रकान्यास कळत नाहीं. याचें सर्वांत मौजेचें उदाहरण संगणकाच्या फार पूर्वींचें आहे. १८८७ सालीं प्राग येथील यारोस्लाव्ह ह्लावा या डॉक्टरानें चेक भाषेंत आमांशावर एक निबंध लिहिला. त्याचें शीर्षक होतें ‘ओ उप्लाविचि’, म्हणजे ‘आमांशाविषयीं’. एका जर्मन नियतकालिकांत त्याचा सारांश देतांना शीर्षक कर्त्याच्या जागीं पडलें आणि ‘ओ. उप्लाविचि’ नांवाचा एक नवाच ग्रंथकार जन्मास आला. चेक भाषा जाणणारे थोडे. सारांश वाचणारे पुष्कळ. एकाचें पाहून दुसऱ्यानें, दुसऱ्याचें पाहून तिसऱ्यानें त्याचा आधार दिला. त्यास डॉक्टर ही पदवीही मिळाली. क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३८ सालीं या डॉक्टराचा मृत्युलेख लिहावा तशा थाटानें हा घोटाळा उघडकीस आणला. जो मनुष्य कधीं जन्मलाच नाहीं, तो पन्नास वर्षें साक्ष देत होता. आणि ज्यानें खरोखर काम केलें, त्या ह्लावाचें नांव त्या साऱ्या टीपांतून नाहींसें झालें होतें. चूक हास्यास्पद असली तरी अन्याय खरा होता.

संगणकानें हा रोग बरा केला नाहीं. त्यास पाय मात्र दिले. २००३ सालीं सिम्किन आणि रॉयचौधरी या दोघां संशोधकांनीं एका प्रसिद्ध शास्त्रीय लेखाच्या ४३०० उद्धरणांची तपासणी केली. त्यांत १९६ ठिकाणीं छापण्याच्या चुका होत्या, पण निरनिराळ्या चुका अवघ्या ४५. एकच एक चूक तर ७८ वेळां आलेली. स्वतंत्रपणें चुकणाऱ्या इतक्या लोकांची चूक अक्षरशः सारखी कशी होईल? उघड आहे कीं, ती एकमेकांच्या सूचींतून उचललेली होती. मूळ लेख प्रत्यक्ष वाचणारे पांचांत एकच असावेत, असा त्यांनीं त्यावरून अदमास बांधला. एका प्रकाशकानें लेखकांस नमुना म्हणून छापलेला एक काल्पनिक संदर्भ तर खऱ्या लेखांच्या सूचींत सुमारें चारशें वेळां शिरल्याचें २०१७ सालीं दाखविण्यांत आलें. मग संभाषण करणारीं संगणकीय यंत्रें आलीं, आणि नसलेला ग्रंथ असल्यासारखा सजवून देण्याची कला त्यांच्या ठायीं दिसली. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत २०२३ सालीं एका विमान-कंपनीविरुद्धच्या दाव्यांत वकिलांनीं अशा यंत्राकडून घेतलेले सहा निवाडे आधारास दिले. ते कोठेंच अस्तित्वांत नव्हते. न्यायाधीशांनीं पांच हजार डॉलर दंड केला. ज्या वकिलीच्या धंद्यानें आधाराचा माग ठेवण्याची रीत जगास शिकविली, त्याच धंद्यांत ही गोष्ट घडावी हें विशेष.

या बाबतींत आम्ही स्वतःस शहाणे समजत नाहीं. मराठ्यांच्या इतिहासावरील एका लेखासाठीं आम्हीं एकदां एका प्रतिष्ठित ग्रंथाच्या टीपेंतून छापील पत्रव्यवहाराचा एक संदर्भ जसाच्या तसा संगणकांत भरला. मूळ खंड हाताशीं होता. उठून पाहण्याचा आळस केला. संग्रहांत ती नोंद इतकी नीटनेटकी दिसे कीं, पुढें आणखी दोन लेखांत ती आम्हीं निःशंकपणें वापरली. शेवटीं एका वृद्ध वाचकाचें पत्र आलें : त्या लेखांकांत तसें पत्रच नाहीं. मूळ टीपकाराचा एक आंकडा उलटसुलट झाला होता. त्याची चूक एकदांची, आमची तीनदांची. हातानें लिहिलेली चूक दर वेळीं पुन्हा लिहितांना सांपडण्याचा संभव असतो; संगणकांत साठविलेली चूक मात्र दर वेळीं नव्या कपड्यांत, न चुकतां, हजर होते.

मराठींत काम करणारास याहून एक वेगळी आणि अधिक गंभीर अडचण आहे. हे सारे रकाने दुसऱ्या देशांच्या ग्रंथव्यवहारावर बेतलेले आहेत. वर्षाचाच रकाना घ्या. आपल्या कित्येक जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर केवळ शके छापलेला असतो. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन झाला, अशी सर्वांची समजूत. परंतु जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. लोकमान्य टिळकांनीं प्रकाशांत आणलेल्या जेधे शकावलींत शिवाजीमहाराजांच्या जन्माची तिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. ती इसवी सनाची १९ फेब्रुवारी १६३० होते. नुसते ७८ मिळविणारा १६२९ लिहून मोकळा होईल आणि संगणक तें निमूटपणें स्वीकारील. सुहूर सन आणि राज्याभिषेक शक यांची गोष्ट तर दूरच राहिली. राजवाड्यांनीं १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा आधार खंड आणि लेखांक सांगून देण्याची आपली रूढि. साधनांत पानास जागा आहे, लेखांकास स्वतःचें घर नाहीं. नागरींतील ‘राजवाडे’ आणि रोमन लिपींतील राजवाडे हे संगणकाच्या दृष्टीनें दोन निराळे गृहस्थ आहेत.

पण सर्वांत मोठी गोष्ट क्रमांकाची. दात्यांच्या सूचींतील बहुतेक ग्रंथांस आय. एस. बी. एन. असणें शक्यच नव्हतें. तो क्रमांक पुढें कित्येक वर्षांनीं अस्तित्वांत आला. जुन्या मासिकांतील लेखांस डी. ओ. आय. नाहीं. म्हणजे बटण दाबून सांपडणाऱ्या जगांत हे ग्रंथ जवळजवळ नाहींतच. आजचा विद्यार्थी घाईंत असतो. जें एका बटणानें येतें तें तो घेतो, ज्यासाठीं सात रकाने हातानें भरावे लागतात तें सोडतो. त्यांत त्याचा वाईट हेतु नसतो. परंतु अशीं दहा-वीस वर्षें गेलीं म्हणजे काय होईल, याचा विचार करावा. महाराष्ट्राविषयीं लिहिलेल्या प्रबंधांच्या सूचींत परदेशीं छापलेलीं क्रमांकित पुस्तकें भरलेलीं दिसतील, आणि ज्यांनीं दप्तरें धुंडाळून मूळ कागद छापले त्यांची साक्ष निघेनाशी होईल. ज्याची साक्ष निघत नाहीं तो ग्रंथ वाचला जात नाहीं. आणि जो वाचला जात नाहीं त्याची पुढची प्रत कोणी छापीत नाहीं, त्याच्या जीर्ण पानांचें छायाचित्रही कोणी घेत नाहीं. ह्लावाचें नांव पन्नास वर्षांनीं परत मिळालें, कारण मूळ निबंध शिल्लक होता. आपल्या जुन्या ग्रंथांविषयीं तेवढी खात्री देतां येत नाहीं.

म्हणून या साधनांवर बहिष्कार घालावा असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. गेस्नरची कात्री, फ्रेंचांचे पत्ते आणि पुण्याच्या एक कोटि चिठ्ठ्या ज्या कामासाठीं होत्या, त्याच कामासाठीं हीं साधनेंही आहेत, आणि तीं उत्तम आहेत. आमचें सांगणें इतकेंच कीं, संदर्भ बटणानें आला असला तरी ग्रंथ समोर ठेवून त्याचा प्रत्येक रकाना एकदां डोळ्यांखालून घालावा. मूळ ग्रंथ पाहिला नसेल आणि दुसऱ्याच्या टीपेवरून घेतला असेल, तर तसें स्पष्ट लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. जुना मराठी ग्रंथ भेटला तर सात रकाने भरण्याचा कंटाळा करूं नये. शके आणि सन दोन्ही लिहावे, लेखांक टीपेच्या जागीं नोंदवावा, आणि अशा नोंदींचा संग्रह इतरांस वापरण्यास मोकळा करावा. झोटेरोसारख्या साधनांत तशी सोय आहे. ग्रंथालयांनीं, महाविद्यालयांनीं आणि सुटींत मोकळ्या असलेल्या घरच्या मुलामुलींनीं मनावर घेतलें, तर दात्यांनीं एका आयुष्यांत केलेलें काम नव्या रूपांत उभें करणें अवघड नाहीं.

महजरावर निशाणी करणारा पाटील लिहूं जाणत नसे. लेखणी दुसऱ्याच्या हातीं असे. तरी नांगर उमटण्यापूर्वी तो गोतसभेंत स्वतः येऊन बसलेला असे आणि दोन्ही बाजू त्यानें आपल्या कानांनीं ऐकलेल्या असत. आज लेखणी संगणकाच्या हातीं गेली आहे, तिचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. सभेंत जाऊन बसण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.